रुग्णालयाच्या पायरीवरचे प्रश्न

शहाण्याने कोर्टाची आणि दवाखान्याची पायरी चढू नये, असे आपल्याकडे जुनी माणसे सांगत आली आहेत. सल्ला खोटा म्हणता येत नाही आणि पाळताही येत नाही. घरात बाळंतीण अडली, पोराला साप चावला, म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली, म्हणजे ती पायरी चढावीच लागते. चढताना मनात भीती असते आणि भीतीच्या जोडीला पुष्कळ प्रश्न असतात.

हे प्रश्न आत कोणी विचारत नाही. ते विचारले जातात रुग्णालयाच्या बाहेर, चहाच्या टपरीपाशी, नाहीतर निंबाच्या सावलीत डबा सोडून बसलेल्या नातेवाइकांमध्ये. "पोराला सकाळपासून उपाशी का ठेवलंय?" "आम्हाला आत का सोडत नाहीत?" "इथं दवाखाना असताना जिल्ह्याला का धाडतात?" "रक्त आमच्याकडंच का मागतात?" "अंगठा उठवला, आता आपलं काही चालायचं नाही ना?" डॉक्टर समोर आले की मात्र सगळ्यांची तोंडे बंद होतात. मी डॉक्टर नव्हे, इतिहास शिकवणारा माणूस आहे. पण इतिहासाची पाने चाळताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. रुग्णालयातल्या जवळजवळ प्रत्येक नियमामागे कोणाचा तरी जीव गेलेला आहे. ती हकीकत कळली म्हणजे नियम जाचक वाटत नाही आणि कोणता प्रश्न हक्काने विचारावा तेही समजते.

आरंभ भीतीपासूनच करू. रुग्णालयाला भिणारा खेडूत अडाणी, असे शहरातली माणसे चटकन बोलून जातात. पण या भीतीला इतिहास आहे. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. साथ पसरू लागली तशी सरकारने रोग्यांना घरातून उचलून रुग्णालयात नेण्याची सक्ती केली. का नेतात, आत काय करतात, हे कोणी समजावून सांगेना. मग अफवांना पीक आले. आत माणसांना मारतात, त्यांच्या अंगाचे तेल काढतात, काळीज काढून घेतात, असे लोक बोलू लागले. त्याच ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोड रुग्णालयावर चालून गेला. पुढच्या वर्षी, १८९७ मध्ये, पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरोघर झडत्या घेतल्या. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर झाडलेल्या गोळीने झाला, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे.

त्याच साथीत दुसरे चित्रही दिसते. पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग रुग्णालय निघाले. तिथे आपली माणसे होती आणि रोग्याची खबर बाहेर कळत होती. रोग तोच, पण लोकांचे भय कमी झाले. पुण्याजवळच सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणले. त्यांना त्याच रोगाची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. लोक रुग्णालयाला विरोध करत नव्हते. जिथे त्यांना कोणी काही सांगत नव्हते आणि माणूस म्हणून वागवत नव्हते, त्या जागेला त्यांचा विरोध होता.

आणि ही भीती काही आपल्याकडेच होती असे नाही. दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वी युरोपातही रुग्णालय ही गरिबांची जागा होती. ज्याच्या घरी चार पैसे असत, तो डॉक्टरला घरी बोलावी आणि शस्त्रक्रियाही घरीच करून घेई. व्हिएन्ना शहराच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात डॉक्टर आणि विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात बाळंतज्वराने फार बायका दगावत. शहरातल्या गरीब बायकांना हे माहीत होते. पहिल्या विभागाची पाळी आली की त्या गुडघे टेकून विनवीत, "आम्हाला दुसरीकडे घ्या."

इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरला हे कोडे सुटेना. १८४७ च्या मार्चमध्ये त्याचा एक मित्र वारला. शवविच्छेदन करताना सुरी बोटाला लागल्याचे निमित्त झाले होते. मित्राच्या शरीरात जी लक्षणे दिसली, तीच बाळंतिणींच्या शरीरात दिसत. सेमेलवाइसला उलगडा झाला. डॉक्टर मंडळी प्रेते चिरून त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत होती. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला. एप्रिल १८४७ मध्ये त्या विभागात शंभरातल्या सुमारे १८ बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्ये तो आकडा दोनाच्या आसपास आला. म्हणजे गुडघे टेकून विनवणाऱ्या त्या बायकांचे म्हणणे खरे होते आणि विद्वानांचे चुकत होते. तरी पुष्कळ डॉक्टरांनी सेमेलवाइसचे ऐकले नाही आणि १८६५ साली तो वेड्यांच्या इस्पितळात मेला. त्याच वर्षी ग्लासगोला जोसेफ लिस्टरने कार्बोलिक आम्ल वापरून जखमा निर्जंतुक ठेवायला आरंभ केला, आणि शस्त्रक्रियेनंतर जखम पिकायचीच ही समजूत हळूहळू मागे पडली.

आता "आत का सोडत नाहीत?" या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच द्याल. गावात कोणी आजारी पडले की भेटायला जाणे हा आपला धर्म. न जाणे हा अपमान. पण ताज्या टाक्यांच्या रोग्याभोवती किंवा दोन दिवसांच्या बाळाभोवती वीस माणसे जमली, म्हणजे चाळीस हात आले आणि वीस जणांचे खोकले आले. उलट, आतला रोग बाहेर येऊन आपल्याच घरी पोचतो, ही गोष्टही तितकीच खरी. म्हणून भेटीची वेळ ठरलेली असते आणि रोग्याजवळ एकच माणूस ठेवायला सांगतात. तो एक माणूस मात्र धडधाकट आणि बोलका निवडा, आणि त्याला हात साबणाने धुऊन मगच रोग्याला शिवू द्या. डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने हात न धुता जखमेला हात लावला, तर "बाई, हात धुतले का?" असे नम्रपणे विचारायला हरकत नाही. व्हिएन्नाच्या बायकांना ते विचारता आले असते, तर कितीतरी जीव वाचते.

दुसरा प्रश्न उपाशी ठेवण्याचा. आपल्याकडे आजाऱ्याला अन्न नाकारणे म्हणजे निष्ठुरपणा. ऑपरेशनच्या दिवशी आजी डॉक्टरांना म्हणते, "डॉक्टरसाहेब, लेकराच्या पोटात काल रात्रीपासून अन्नाचा कण नाही. निदान घोटभर दूध तरी देऊ द्या." नाही म्हटले तर ती मायेपोटी पदराआड बिस्किट भरवते. या मायेचा परिणाम काय होतो ते पाहा.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टनच्या रुग्णालयात ईथरची भूल देऊन सर्वांसमक्ष शस्त्रक्रिया झाली. पुढच्या वर्षी एडिंबरोत सिम्पसनने क्लोरोफॉर्म वापरले. त्यापूर्वी चार गडी रोग्याला दाबून धरीत आणि सर्जन घाईघाईने कापाकाप करी. भुलीने वेदना गेली, पण नवे संकट आले. जागेपणी आपला घसा पहारेकरी असतो. अन्न अन्ननलिकेत जाते आणि चुकून श्वासनलिकेकडे वळले तर ठसका लागून बाहेर पडते. भुलीत हा पहारेकरी झोपतो. पोटात अन्न असेल तर ते आंबट पाचकरसासकट वर येते आणि थेट फुप्फुसात उतरते. कर्टिस मेंडेलसन या न्यूयॉर्कच्या डॉक्टरने १९४६ मध्ये ४४,०१६ बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या. त्यांत भुलीच्या वेळी पोटातले श्वासमार्गात गेल्याच्या ६६ घटना त्याला सापडल्या. दोन बायका घन अन्नाने श्वास कोंडून दगावल्या होत्या. तेव्हापासून उपाशी ठेवण्याचा नियम जगभर कडक झाला.

पुढे आणखी अभ्यास झाला आणि नियम थोडा सैल झाला. सर्वसाधारण मोठ्या माणसाला हलके अन्न सहा तास आधीपर्यंत आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. तळलेल्या, जड अन्नाला याहून जास्त वेळ लागतो. लहान मुलांचे आणि मधुमेही रोग्यांचे गणित निराळे असते. म्हणून "उपाशी ठेवा" एवढ्यावर समाधान मानू नका. "किती वाजल्यापासून? पाणी चालेल का? रोजची गोळी द्यायची का?" असे तीन प्रश्न नेमके विचारा. आणि चुकून काही खाल्ले गेलेच, तर लाजू नका, सांगून टाका. फार तर ऑपरेशन पुढे ढकलतील. लपवलेल्या घासाची किंमत त्याहून फार मोठी असते.

तिसरा प्रश्न बायकांचा आणि तोही दबल्या आवाजात विचारलेला: "आत बाई डॉक्टर आहे का?" या प्रश्नापायी आपल्याकडे कितीतरी बायका दुखणे अंगावर काढून मेल्या. आनंदीबाई जोशी सातासमुद्रापार गेल्या त्या याचसाठी. १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाहून एम्.डी. झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्रियांच्या विभागात त्यांची नेमणूक झाली होती. पण क्षयाने त्यांना गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, काम हाती घेण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. त्याच १८८६ साली मुंबईत बायकांसाठी कामा रुग्णालय उघडले. रखमाबाई १८९४ मध्ये विलायतेहून डॉक्टर होऊन आल्या आणि त्यांनी सुरत व राजकोट येथे उभा जन्म बायकांच्या सेवेत घालवला. आज बाई डॉक्टर प्रत्येक ठिकाणी मिळेलच असे नाही. पण पुरुष डॉक्टर तपासत असतील तर जवळ एखादी स्त्री हजर असावी, हे रुग्णहक्कांच्या सनदेत मान्य केलेले आहे. ते मागायला संकोच नको.

चौथा प्रश्न पुढे धाडण्याचा. "इथल्यांना जमत नाही म्हणून हाकललं," असा लोकांचा समज होतो. पण ही मांडणी विचारपूर्वक झालेली आहे. १९४३ मध्ये सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली आणि १९४६ मध्ये तिचा अहवाल आला. रुग्णालये शहरात आणि माणसे खेड्यात, हे त्यातले मुख्य दुखणे. खेड्याजवळ लहान केंद्र, त्याच्यावर मोठे रुग्णालय, त्याच्यावर जिल्ह्याचे, अशी शिडी समितीने सुचवली. १९५२ मध्ये समूहविकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली. आजच्या मापाप्रमाणे सपाटीवर ३०,००० लोकवस्तीला आणि डोंगरी व आदिवासी भागात २०,००० लोकवस्तीला एक प्राथमिक केंद्र असावे असे ठरलेले आहे. त्याच्या खाली उपकेंद्रे. वर ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय.

हृदयाचे तज्ज्ञ, रक्तपेढी आणि मोठी यंत्रे प्रत्येक पायरीवर ठेवता येत नाहीत. म्हणून शिडी चढावी लागते. मात्र शिडीच्या पायऱ्यांमध्येच माणूस हरवू नये. पुढे धाडतात तेव्हा चार गोष्टी मागून घ्या. का धाडतात ते सांगणारी चिठ्ठी. आतापर्यंत काय औषध दिले त्याची नोंद. जिथे जायचे तिथे ते तज्ज्ञ आणि खाट आहे की नाही याची फोनवर खात्री. आणि जायला रुग्णवाहिका. १०८ हा क्रमांक घरातल्या भिंतीवर लिहून ठेवावा. पत्ता सांगताना रस्त्याची खूण सांगा. "आमच्या वस्तीवर या" एवढ्याने गाडीवाल्याला वाट सापडत नाही.

पाचवा प्रश्न रक्ताचा. रक्त दिले की माणूस कायमचा खंगतो, हा आपल्याकडचा पक्का समज. आणि "दवाखान्यात रक्त असताना आमच्याकडं का मागतात?" ही तक्रार. पूर्वी एकाचे रक्त दुसऱ्याला देणे म्हणजे जुगार होता. काही रोगी वाचत आणि काही तडफडून मरत. १६६७ मध्ये पॅरिसला जनावरांचे रक्त माणसाला देण्याचे प्रयोग झाले. त्यांतला एक रोगी मेला आणि तो प्रकार बंद पडला. १९०१ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनरने रक्ताचे गट असतात हे दाखवले आणि कोणाचे रक्त कोणाला चालते हे कळू लागले.

पण रक्त अजून कारखान्यात तयार होत नाही, ते माणसाच्याच अंगातून घ्यावे लागते. पूर्वी गरजवंत माणसे रक्त विकत. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून रक्त विकणे बंद झाले. आता साठा भरायचा तो दान करणाऱ्यांनीच. तुम्ही दिलेले रक्त तुमच्याच रोग्याला जाईल असे नाही. त्याला आधी कोणा अनोळखी माणसाचे मिळते आणि तुमचे पुढच्या कोणाला. मोठ्या माणसाच्या अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असते. एका वेळी घेतात ते साधारण ३५० मिलिलिटर. त्यातले पाणी एकदोन दिवसांत भरून येते आणि लाल पेशी काही आठवड्यांत. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो आणि अंगात पुरेसे हिमोग्लोबिन असले म्हणजे पुरुषाला तीन महिन्यांनी आणि बाईला चार महिन्यांनी पुन्हा देता येते. रक्ताची किंमत कोणी घेऊ शकत नाही. तपासणीचा आणि साठवणीचा खर्च तेवढा घेतात. त्याची पावती मागावी.

सहावा प्रश्न सही-अंगठ्याचा. ऑपरेशनच्या आधी कागद पुढे येतो. पुष्कळांना वाटते, हा सावकाराच्या खतासारखा कागद. अंगठा उठवला की रोग्याचे काही झाले तरी तोंड उघडायचे नाही. तसे नाही. संमतीचा अर्थ एवढाच की काय करणार, कशासाठी करणार आणि त्यात धोका काय, हे मला समजले आणि मला ते मान्य आहे. डॉक्टरने हलगर्जीपणा केला, तर त्या सहीने तो सुटत नाही.

दिल्लीत १९९५ मध्ये एका बाईने पोटात दुर्बीण घालून तपासणी करण्यास संमती दिली होती. ती भुलीत असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व बीजकोश काढून टाकले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १६ जानेवारी २००८ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की तपासणीची संमती म्हणजे अवयव काढण्याची संमती नव्हे. आणि जाणत्या, शुद्धीतल्या माणसाच्या वतीने, जिवावर बेतल्यावाचून, दुसऱ्याने संमती द्यायची नसते. आपल्याकडे बाईच्या ऑपरेशनची सही नवरा करतो, सासरा करतो, आणि बाईला कोणी विचारतही नाही. हा निकाल गावोगाव वाचून दाखवावा असा आहे. कागद मराठीत समजावून मागा. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून घ्या आणि मगच अंगठा उठवा.

आणि शेवटचा प्रश्न अपघाताचा. "पोलीस आल्याबिगर हात लावणार नाहीत," असे म्हणत लोक रस्त्यावर पडलेल्या माणसाभोवती नुसते उभे राहतात. एका स्कूटरस्वाराला गाडीने ठोकरले. ज्याने त्याला उचलून नेले, त्याला जवळच्या रुग्णालयात सांगण्यात आले की अशी प्रकरणे इथे घेत नाहीत, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्या. तो माणूस वाटेतच गेला. ही बातमी न्यायालयापुढे आली आणि २८ ऑगस्ट १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: डॉक्टर सरकारी असो की खाजगी, आधी जीव वाचवायचा, कागदपत्रे मागाहून. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन मदत करणाऱ्यालाही संरक्षण मिळाले. आपले नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

मंडळी, इतक्या वेगवेगळ्या हकीकती मी सांगितल्या, त्यांतून निघणारे सूत्र एकच. रुग्णालय सुधारले ते कोणीतरी "असे का?" म्हणून विचारल्यामुळे. सेमेलवाइसने विचारले, मेंडेलसनने विचारले, दिल्लीच्या त्या बाईने न्यायालयात जाऊन विचारले. आणि जिथे विचारायची सोय नव्हती, तिथे प्लेगच्या सालासारखे दगड हातात आले. आजही कुठे कुठे डॉक्टरांवर हात टाकल्याच्या बातम्या येतात. तिथे बहुधा असेच झालेले असते. सांगणाऱ्याने सांगितले नाही, विचारणाऱ्याने विचारले नाही, आणि दुःखाचा राग झाला. दिवसाला दोनदोनशे रोगी तपासणाऱ्या डॉक्टरला उसंत नसते, हेही आपण समजून घ्यावे. म्हणून मोजके विचारावे, पण विचारावे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. गावात कोणाला रुग्णालयात नेतात तेव्हा पुष्कळदा तुम्हालाच बरोबर बोलावतात. जाताना एक वही आणि पेन्सिल घेऊन जा. दुखणे केव्हापासून, कोणती औषधे चालू, कशाचे वावडे, आधी कोणती ऑपरेशने झाली, हे वाटेतच लिहून काढा. बाहेर पडताना केसपेपर आणि तपासण्यांचे कागद मागून घ्या. रोग्याने मागणी केली तर नोंदी ७२ तासांत द्याव्यात, असा डॉक्टरांसाठी २००२ पासून नियम आहे. ते कागद पिशवीत घालून ट्रंकेत ठेवा. पुढच्या वेळी तेच कागद रोग्याच्या वतीने बोलतात.

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, सेवा करणारा आणि स्वतः रोगी. रोग्याच्या अंगी कोणते गुण असावेत तेही तिथे दिले आहे. आठवण शाबूत असावी, सांगितलेले ऐकावे, भिऊ नये आणि आपले दुखणे नीट सांगता यावे. चारांतला एक पाय आपला आहे, हे दोन हजार वर्षांपासून आपल्याकडे ठाऊक आहे. तीन पायांवर खाट उभी राहत नाही. तेव्हा पुढच्या वेळी ती पायरी चढाल तेव्हा टपरीवरचा प्रश्न टपरीवर ठेवू नका, आत घेऊन जा.